पुढची काच

८ मार्च

प्रिय पाचर,

आशीर्वाद गृहीत धर. मामाचे आशीर्वाद भाचीला लिहून कळवायची वेळ आली तर मग संपलंच.

शेवटचं विमान तुम्हाला बर्फावर सोडून परत गेल्याचं ऑफिसात कळलं. म्हणजे आता हिवाळा सरेपर्यंत तू तिथून हलत नाहीस आणि तुला कुणी हलवू शकत नाही. तुझी आई माझ्याशी बोलत नाहीये. मी म्हटलं, अगं, पोरीला वनवासाला नाही धाडलं, कामाला धाडलंय. तर म्हणाली, काम तुझं आणि थंडी तिला. धाकटी बहीण आहे, ऐकून घेतलं.

कामाचं पुन्हा एकदा सांगतो, कारण तू मान डोलावतेस आणि शेवटी आपलंच खरं करतेस. दक्षिण ध्रुवाकडच्या त्या पठारावरची हवा इतकी कोरडी आणि इतकी गार आहे की साध्या प्रकाशाला ती उत्तमच, पण अवरक्ताला, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या उबेच्या प्रकाशाला, तिच्यासारखी हवा कुठे नाही. बाकी ठिकाणी आभाळ स्वतःच तापलेलं असतं. त्यात दूरची अंधुक वस्तू शोधायची म्हणजे भर दुपारी काजवा धरायला निघणं. अडचण एकच. बर्फालगतची हवा खळबळते आणि चांदणी थरथरते. मनोऱ्यावर किती उंच गेलं की ही थरथर थांबते, ते तुझ्या छोट्या दुर्बिणीने मोजायचंय. ती काय सांगते त्यावर माझी मोठी दुर्बीण उभी राहील, नाहीतर कागदावरच म्हातारी होईल.

दुसरं कुणीही गेलं असतं, पण हात कुणाचे आणणार? स्क्रू किती पिळायचा ते तुझ्या बोटांना मापकाच्या आधी कळतं. माझ्या आणि टेबलाच्या मधल्या फटीत घुसून बसायचीस म्हणून तुला पाचर म्हणायला लागलो, तेव्हापासून ती बोटं मी घडवलीत. मला मूलबाळ नाही. माझी जी काही इस्टेट आहे ती तुझ्या दहा बोटांत आहे, एवढं ध्यानात ठेवून वाग.

उपग्रह दिवसातून थोडाच वेळ डोक्यावर असतो. आधी आकड्यांच्या फायली जातील, वेळ उरला तर पत्रं. तरी लिहीत जा. मी पडद्यावर वाचत नाही हे तुला माहीत आहे. मामी छापून काढते आणि मी दाढी करत असताना मोठ्याने वाचते. आराखडा सप्टेंबरात समितीपुढे जाईल आणि पुढच्या वर्षी मी निवृत्त होईन. सगळं आयुष्य लोकांनी मला 'बर्फवाले' म्हणून चिडवण्यात घालवलं, पाचर. एकदा तरी त्यांची तोंडं बंद झालेली बघायचीत.

तुझा,
मामा

---

२ मे

मामा,

तुला एक नमस्कार आणि मामीला दोन, कारण वाचायचं काम तिचं.

सूर्य गेला. जाताना बरेच दिवस कडेकडेने रेंगाळला, निघतो निघतो म्हणत दारात गप्पा मारणाऱ्या पाहुण्यासारखा. मग एकदाचा गेला. आता बाहेर अंधार आणि आत आम्ही मोजकी माणसं. आचारी रोज तेच डबे उघडतो आणि रोज नवीन नाव देऊन वाढतो. जनरेटर सांभाळणाऱ्याला आम्ही जनरेटरबाबा म्हणतो, कारण तो बोलतच नाही, फक्त कान देऊन ऐकत असतो. डॉक्टरबाई कडक आहेत. त्यांच्यापुढे जेवणाच्या टेबलावरसुद्धा हात दाखवावे लागतात, शाळेत नखं तपासायचे तसे.

आता कामाचं. मनोऱ्यावर चढून गेलं की दुर्बिणीच्या पुढच्या काचेवर हिम असतंच. काच आभाळाकडे तोंड करून बसते, आपली ऊब सोडून देते आणि हवेपेक्षाही गार होते. मग हवेत तरंगणारे बर्फाचे कण येऊन तिला चिकटतात, साखर सांडावी तसे. ब्रशने निघत नाही, ब्रशचेच काटे होतात. फुंकर मारली तर आपला श्वास काचेवर गोठून बसतो. तो शहाणपणा मी एकदाच केला. म्हणून मी जाड हातमोजे काढते, आतले पातळ तेवढे ठेवते आणि चामड्याचा तुकडा बोटाला गुंडाळून काठापासून मध्यापर्यंत पुसत येते. काचेच्या कडेच्या फटीत जाड हातमोजा मावतच नाही. आधी काच पुसायची, मग मोजायचं. कधी मोजता मोजता पुन्हा पुसायचं. मामी ओटा पुसल्याशिवाय गॅस पेटवत नाही ना, तसं. फायलीत यासाठी रकाना नाही, म्हणून तुला इथे लिहून ठेवतेय.

आणि मामा, चांदणी! वरच्या टप्प्यावरून बघितली. हलत नाही रे. नुसतं टिंब. तू म्हणायचास तेव्हा मला वाटायचं, म्हातारा वाढवून सांगतोय. मी तिथे उभी राहून रडले, आणि ते फार वेळ करता येत नाही कारण पापण्या चिकटतात.

खाली आल्यावर बोटं ठणकतात. डॉक्टरबाई ओरडतात. चालायचंच.

तुझी,
पाचर

---

२० मे

प्रिय पाचर,

दाढी अर्धी टाकून उठलो. गालाला फेस तसाच ठेवून ऑफिसला फोन लावला. मामी अजून हसतेय.

तुझे आकडे! मी जे म्हणत होतो त्याच्याही पलीकडे! वरच्या टप्प्यावर थरथर जवळजवळ नाहीच. आणि एकही वाया गेलेली वेळ नाही. जेव्हा आभाळ मोकळं, तेव्हा चित्र स्वच्छ. आमच्या खालच्या मजल्यावरचे ते दोघं शहाणे, जे म्हणायचे की काचांवर हिम बसून दुर्बीण आंधळी होईल, त्यांच्या टेबलावर मी स्वतः जाऊन कागद ठेवला. एक जण उठून पाणी प्यायला.

आता मी आराखड्याची मांडणीच बदलतोय. दुर्बीण हिवाळाभर आपली आपण चालेल, माणूस लागणार नाही. समितीला हेच हवंय. तो तळ हिवाळ्यात बंदच करायचा असं वरून ठरतंय. माणूस ठेवायचा म्हणजे तेल, अन्न, डॉक्टर, सगळा संसार आला. तुम्ही तिथे राहणारे शेवटचे असाल. माणूस लागतो म्हटलं की आराखडा त्याच दिवशी मेला. आणि काचेला ऊब देणारी तारही नको. काच तापली की पुढची हवा हलते, आणि मग ज्यासाठी एवढ्या लांब गेलो तेच गेलं.

तुझ्या पत्रातलं बाकीचं घरगुती वर्णन मामीने वाचून दाखवलं. आचाऱ्याचं मजेदार आहे. तब्येतीला जप. आकडे पाठवत राहा, एक दिवसही खंड नको.

तुझा,
मामा

---

२६ जून

मामा,

हे पत्र डाव्या हाताने टाइप करतेय, तेव्हा चुका पोटात घाल.

उजव्या हाताची पहिली दोन बोटं आधी पांढरी पडली, मेणाची असावीत तशी. मग फोड आले. आता टोकं काळी आहेत. डॉक्टरबाई म्हणतात, वाट बघायची, शरीर आपलं आपण ठरवेल काय ठेवायचं. त्या फार सरळ बोलतात, त्याचा मला राग येतो आणि बरंही वाटतं. मी विचारलं, स्क्रू पिळता येईल ना? त्या म्हणाल्या, स्क्रूचं सोडा, आधी बटण लावता येतंय का बघू.

मामा, मला भीती वाटते. हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही.

तरी वर जाते. जनरेटरबाबा आता सोबत येतो, शिडी धरतो. पुसायला मात्र मीच, कारण त्याची जाड बोटं त्या फटीत जात नाहीत आणि एकदा त्याने काच ओरखडली असती. आता डाव्या हाताने पुसते. वेळ लागतो.

एक विचारायचंय. मोठ्या दुर्बिणीची पुढची काच आणि आरसे कोण पुसणार, याची काय योजना केलीस? तार नको म्हणतोस, माणूस नको म्हणतोस. मी डोकं चालवतेय, पण मला काही सुचत नाही. तुझ्या डोक्यात काहीतरी असणारच. मला सांग म्हणजे इथेच करून बघता येईल.

पाचर

---

९ जुलै

प्रिय पाचर,

बोटांचं वाचून मामीने हातातलं पत्र खाली ठेवलं. मलाही वाईट वाटलं. पण डॉक्टर लोकांना भीती घालायची सवय असते. माझ्या गुडघ्याबद्दलही काय काय सांगितलं होतं, अजून त्याच गुडघ्यावर चालतोय. ऊब दे, मलम लाव, उगाच घाबरू नकोस. तरुण रक्त आहे.

काचेबद्दल विचारतेस. ते बघू. आराखड्यात सगळंच लिहायचं नसतं, काही गोष्टी बांधताना सुटतात. आधी मंजुरी, मग बारकावे. लग्न जमेपर्यंत नवऱ्याच्या घोरण्याचं कुणी बोलत नाही.

आता फक्त थोडं उरलंय. जुलै आणि ऑगस्टचे आकडे मे-जूनसारखेच आले तर समितीला तोंड उघडायला जागा राहणार नाही. तू आजवर मला कधी मान खाली घालायला लावली नाहीस. डाव्या हाताने का होईना, सांभाळून घे.

तुझा,
मामा

---

१८ ऑगस्ट

मामांना नमस्कार,

तुमचा आराखडा तळप्रमुखांकडे आला. त्यांनी कौतुकाने माझ्यापुढे ठेवला, म्हणाले, तुझं नाव आहे बघ मागच्या पानावर. नाव आहे. त्याच्या आधीच्या पानावर हेही आहे : 'संपूर्ण हिवाळाभर प्रत्यक्ष मोजणी केली असता पुढील काचेवर हिम साचून निरीक्षणात बाधा आल्याचे आढळले नाही. सबब दुर्बिणीस मानवी देखभालीची आवश्यकता नाही.'

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. आढळलं नाही कारण मी पुसत होते, मामा. माझी बोटं त्या वाक्यात आहेत. मोजणीच्या आधी रोज पुसायचे हे मी तुम्हाला मे महिन्यातच लिहिलं. जूनमध्ये विचारलं. तुम्ही घोरण्याचा विनोद केलात.

म्हणून मी पुसणं थांबवलं. तुम्हाला न विचारता. गेल्या आठवड्यात रोज वर गेले, काचेला हात लावला नाही आणि मोजलं. फायली पोचल्या असतीलच. पहिल्या दिवशी चांदणी अंधुक, मग धुकट, मग काहीच नाही. नुसतं राखाडी. आभाळ मात्र त्या आठवडाभर इतकं स्वच्छ होतं की जनरेटरबाबासुद्धा बोलला. म्हणाला, केवढं हे.

ही माणसाशिवायची खरी मोजणी आहे. हीच समितीपुढे ठेवा. माणूस लागतो असं लिहा. मग समिती काय म्हणेल ते म्हणू दे.

परवा डॉक्टरबाईंनी दोन्ही बोटांची टोकं काढली. एक पहिल्या पेरापर्यंत, दुसरं त्याच्याही थोडं खाली. आचाऱ्याने दिवा धरला होता. मला त्या विचारत होत्या, कुणाला कळवायचंय का. मी म्हटलं, मी कळवीन. तुमची इस्टेट आता आठच बोटांची राहिली, तेवढी नोंद घ्या.

आईला सांगू नका, मी येऊन सांगेन.

---

३० ऑगस्ट

पाचर,

तुझं पत्र या वेळी मी स्वतः वाचलं, मामीला दिलं नाही.

बोटांचं वाचून मला फार वाईट वाटलं. ते खोटं नाही. तू परत आलीस की सगळ्यात चांगल्या सर्जनला दाखवू. आणि मला अहो-जाहो कधीपासून?

बाकीचं सरळ बोलू. मी आकड्यांवर काम करतो, गप्पांवर नाही. पुसत होतीस तर ते फायलीत लिहायला हवं होतं. रकाना नव्हता म्हणतेस. मग शेऱ्यात लिहायचं. मामाला लिहिलेल्या पत्रात, आचाऱ्याच्या डब्यांच्या आणि मामीच्या ओट्याच्या मध्ये लिहिलेली गोष्ट ही मोजणी होत नाही. हे मी तुला टेबलाशी बसवून शिकवलं होतं.

तो आठवडा मी आकड्यांतून काढला आहे. शेऱ्यात 'निरीक्षक आजारी' असं लिहिलंय, आणि ते खोटं नाही, तू आजारी होतीसच. बोटं कापायच्या आधीच्या दिवसांतल्या मोजणीवर कोण भरवसा ठेवेल? रागाच्या भरात केलेली मोजणी आहे ती. बाहेरच्या कुणी केली असती तर तू स्वतःच ती फेकून दिली असतीस.

माणूस लागतो असं लिहिलं तर काय होईल ते तुला ठाऊक आहे. दुर्बीण होणार नाही. मग तुझी बोटं कशासाठी गेली? ती उभी राहिली तर निदान काहीतरी झालं म्हणता येईल. तुझ्याच भल्याचं सांगतोय. माझं ऐक, आता गप्प राहा. सूर्य उगवतोय, विमान येईल, घरी ये.

मामा

---

२५ सप्टेंबर

बाळ,

मी कधी पत्र लिहीत नाही, तुला माहीत आहे. मला वाचायची सवय आहे, लिहायची नाही. पण हे तुला दुसरं कुणी सांगणार नाही.

समिती काल झाली. मंजूर झालं. घरी फुलं आली, माणसं आली, ते दोघं खालच्या मजल्यावरचेसुद्धा येऊन हात मिळवून गेले. मी सगळ्यांना चहा दिला.

तू समितीच्या अध्यक्षबाईंना काच पुसण्याचं सगळं लिहिलंस ते बरं केलंस. त्यांचा समितीच्या आधल्या दिवशी घरी फोन आला होता. मी स्वयंपाकघरात होते, दार उघडं होतं. त्या काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. हे म्हणाले, "लेकरू आहे हो माझं. चार महिने अंधारात राहिलंय, त्यात हाताची शस्त्रक्रिया. तिकडे भल्याभल्यांचं डोकं जरा फिरतं. तिच्या बोलण्याचा राग धरू नका."

राग धरू नका म्हणाले, बघ. तुझ्या वतीने माफी मागितली.

दुसरी गोष्ट. तुझं मे महिन्यातलं पत्र त्यांनी ऐकलं नसेल असं तुला वाटत असेल तर तसं नाही. काच पुसायचा तो भाग मी वाचला तेव्हा त्यांचा वस्तरा थांबला. म्हणाले, परत वाच. मी परत वाचलं. तेव्हा आरशाकडे वळले. मग म्हणाले, चहा निवला. मी त्या वेळी समजले नाही. मला वाटलं, तुझ्या बोटांच्या काळजीने वस्तरा थांबला. मी तर रात्री देवापुढे बसून म्हटलंसुद्धा, माणूस वरून फणस आहे, आत किती मऊ. इतकी वर्षं संसार केला आणि हे असं.

त्यांना मी काल सांगून टाकलं, आता यापुढे तुमचं काही वाचणार नाही आणि छापणार नाही. ते म्हणाले, तुझंही डोकं फिरलं. मी म्हटलं, असेल. आपल्या घरात बायकांचीच फिरतात.

तू आलीस की आधी माझ्याकडे ये. नाही, इथे नको. तुझ्या आईकडे मी येते. तिला मी सांगितलेलं नाही, पण तिने मला विचारलं, आणि मला खोटं बोलता येत नाही हे ती जाणते.

जपून ये. विमानात उबेचे कपडे काढू नकोस.

मामी

---

१४ मे

चि. पाचर,

चार वर्षं तुझं एक अक्षर नाही. मीही लिहिलं नाही. कुणी आधी वाकायचं यात वर्षं गेली. मी मोठा, म्हणून मीच लिहितो. स्वतःच टाइप करतोय, तुझी मामी अजून आपल्या शब्दाला जागून आहे.

तू चष्म्याच्या दुकानात काम करतेस असं तुझ्या आईकडून उडत उडत कळलं. काम कुठलंही वाईट नसतं. पण मला ते ऐकून जेवण गेलं नाही.

दुर्बीण उभी राहिली. फोटो पाहिला असशील. उन्हाळ्यात लोक आले, भाषणं झाली, मला निवृत्तीतून बोलावून पुढे बसवलं. हिवाळा लागला, तळ बंद झाला, सगळी माणसं परत आली. पहिली चित्रं अशी आली की अध्यक्षबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पण मग धूसर. मग राखाडी. आता काहीच येत नाही. आभाळ स्वच्छ आहे, यंत्रं ठणठणीत आहेत, दुर्बीण सांगितल्याबरोबर मान वळवते आणि काही बघत नाही.

कुणाचं काय चुकलं ते उगाळण्यात अर्थ नाही, कोळसा उगाळावा तितका काळाच. पुढचं बघायचं. समितीने आता पुढच्या हिवाळ्यासाठी तळ उघडा ठेवायचं आणि एक माणूस नेमायचं ठरवलं आहे, काच आणि आरसे राखायला. एवढा खर्च झालाय की आता नाही म्हणायची सोय राहिली नाही. एक मुलगी मिळालीय. आमच्याच संस्थेच्या कारखान्यात तयार झालेली, हात अगदी तुझ्यासारखा. उत्साह तर विचारू नकोस. जायला नाचतेय. तिला काच पुसायची रीत शिकवणारं मात्र कुणी नाही. ती रीत जगात एकट्या तुला येते.

घरी ये. टेबल अजून तसंच आहे. तिला थोडे दिवस शिकव. समिती तुझं नाव सन्मानाने घालणार आहे, ते मी बघून घेतो. झालं गेलं विसर. दुर्बीण तुझीही आहे.

तुझा,
मामा

---

२ जून

मामा,

पत्र मिळालं.

चष्म्याच्या दुकानाचं जेवण न जाण्याइतकं काही नाही. लोक येतात, शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत येतात आणि अंधुक दिसतं म्हणतात. मी तो धुऊन, नीट पुसून परत देते. अर्ध्या लोकांना नवीन नंबर लागत नाही. मालक म्हणतात, तू माझा धंदा बुडवणार. बारीक स्क्रू मात्र मी लावत नाही, ते काम शेजारच्या टेबलावरचा करतो. माझ्या हातातून ते पडतात आणि पडलेले मला चिमटीत धरता येत नाहीत. पहिल्या वर्षी मी त्यावरून रडायचे. आता त्याला हाक मारते.

दुर्बिणीचा फोटो पाहिला होता. सुंदर आहे. तुम्ही टेबलावर पेन्सिलने काढायचात अगदी तशीच आहे. ती आंधळी झाली हे वाचून मला आनंद होईल असं मला वाटत होतं. नाही झाला. त्याचाही मला तुमच्यावर राग आहे.

सन्मान नको. माझं नाव त्या मागच्या पानावर आहे, तेवढं पुरे. तुमच्या टेबलाशी मी येणार नाही. झालं गेलं विसर म्हणता. मला रोज सकाळी केसाला पिन लावताना आठवतं, त्याला मी काय करू? आणि तुम्ही चार वर्षांनी लिहिलेल्या पत्रातही 'माझं चुकलं' एवढी एक गोष्ट लिहिली नाहीत. मी शोधली. दोनदा वाचलं, मामीने वाचलं होतं तसं.

मुलीला मात्र शिकवीन. तिचा यात काही दोष नाही, आणि मी नाही शिकवलं तरी तुम्ही तिला पाठवणारच. तिला इकडे दुकानात पाठवा. काठापासून मध्याकडे कसं यायचं, चामडं कुठलं, हात किती वेळ बाहेर ठेवायचा आणि बोट पांढरं पडलं की काच तशीच सोडून खाली कसं यायचं, हे सगळं सांगेन. पुसलं की फायलीत लिही, पुसलं नाही तरी फायलीत लिही, पत्रात नको, हेही सांगेन.

पण हे सगळं नंतर. आधी मी तिच्यापुढे माझा उजवा हात ठेवणार आहे. ही बोटं कशी गेली, कुणाच्या कामात गेली, आणि त्यावर कुठलं वाक्य लिहिलं गेलं, ते तिला सांगणार आहे. काही वाढवून सांगणार नाही, त्याची गरजही नाही. ऐकून तिला जायचं असेल तर तिने खुशाल जावं, मी मनापासून शिकवीन. आणि नको म्हणाली तर तुमची दुर्बीण तिथेच बसेल, डोळ्यात फूल पडलेली.

तिला सोमवारी पाठवा. सोमवारी दुकानात गर्दी नसते.

पाचर